तारेवरची सोयरीक

भात पिकलं की आधी वास येतो, मग रंग दिसतो. सकाळी दार उघडलं की शेताकडून एक ओलसर, गोडसर वास आत येतो. त्यात थोडं दव असतं, थोडा सुकत चाललेला चिखल, थोडं बांधावरचं गवत. त्या वासावरून आमच्याकडच्या बाया सांगतात, आता आठ दिवसांत विळे लावायला हवेत. यंदा तो वास आला त्याच आठवड्यात आमच्या आटगावच्या घरी फायबरचं इंटरनेट बसवायला दोघे जण आले. तासाभरात भिंतीला भोक पाडलं, वायर ओढली, पांढरी डबी ठोकली. त्यातला एक जण हात पुसत म्हणाला, "ताई, आधी कुठलं कनेक्शन होतं?"

"आधी म्हणजे फार आधी डायल-अप होतं. माझ्या माहेरी, खर्डीला."

"फोनवरून चालायचं ते? त्याच्यावर काय होत असेल ओ! एक फोटो तरी उघडायचा का?"

"फोटो नाय उघडायचा," मी म्हटलं. "पण माझ्या बहिणीने त्याच्यावर नवरा पाहिला."

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला आणि पुढच्या घरी निघून गेला. मी दारातच उभी राहिले. समोरच्या शेतात कापणी सुरू झाली होती. विळ्यांचा खर्र खर्र आवाज येत होता, आणि मला वीस-बावीस वर्षांपूर्वीची आमची कापणी आठवत होती.

आमचं घर खर्डी गावाच्या बाहेर, शेताच्या कडेला. रस्त्यापासून घरापर्यंत टेलिफोनची तार यायची ती आबांनी उभ्या केलेल्या बांबूंवरून, आमच्याच भातावरून. फोन आला तेव्हा मी कॉलेजात होते. कुंदाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती जन्मापासून बहिरी. कल्याणला बहिऱ्या मुलांच्या शाळेत, वसतिगृहात राहून ती दहावी झाली. वर्गात बाई त्यांना हात बाकावर ठेवायला लावत, ओठ वाचायला आणि तोंडाने शब्द काढायला शिकवत. शाळा सुटली की वसतिगृहात मुलींचे हात सुटत. तिथल्या सगळ्या खुणा ती सुट्टीत घरी घेऊन यायची आणि मला शिकवायची. मला बाराखडीच्या आधी खुणा आल्या. त्यामुळे घरात मी तिची दुभाषी झाले.

आईला बऱ्यापैकी जमायचं. आबांना नाही. त्यांना कुंदाताईला काही सांगायचं असलं की ते मला सांगत. ती समोर बसलेली असली तरी. "तिला सांग, म्हशीला पानी दाव." "तिला इचार, चुलीवर काय हाय." त्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. कल्याणहून ती सुट्टीला यायची त्या दिवशी ते गाडीच्या तासभर आधी स्टेशनावर जाऊन बसत. पण हात हलवून बोलायची त्यांना लाज वाटे. चार माणसांत आपण नक्कल केल्यासारखे दिसू, असं त्यांना वाटत असावं.

फोन आल्यावर घर बदललं. मावशीचा फोन, काकाचा फोन, शेजारच्यांचे फोन. जो तो त्या डबड्याला कान लावून हसायचा, ओरडायचा. कुंदाताई ताटं मांडत राहायची. तिने त्या फोनला महिनाभर हातसुद्धा लावला नाही. एकदा मी विचारलं तर तिने दोन बोटं कानाकडे नेली, मग सगळ्यांकडे फिरवली आणि शेवटी स्वतःकडे करून झटकली. तुमच्यासाठी आणखी एक वस्तू. माझ्यासाठी काही नाही.

पदवी झाल्यावर मी शहापूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. क्लासवाल्यांनी नवी मशिनं घेतली तेव्हा एक जुनं मला मिळालं. गोधडीत गुंडाळून टेम्पोतून घरी आणलं. सोबत एक मोडेम होता, चपट्या डब्यासारखा, पुढे लाल दिव्यांची रांग असलेला. आणि इंटरनेटचं कार्ड आणलं, मिळालं त्यातलं सगळ्यात स्वस्त. त्यावरची रुपेरी पट्टी नखाने खरवडली की पासवर्ड दिसायचा.

स्वस्त म्हणजे कसं, ते ज्यांनी वापरलंय त्यांनाच कळेल. नंबर सारखा एंगेज. लागला तर पासवर्ड चुकीचा म्हणायचा. बरोबर म्हणाला तर पान उघडेपर्यंत लाइन पडायची. मदतीच्या नंबरावर फोन केला तर पलीकडची बाई विचारायची, "मॅडम, मोडेम का आवाज आ रहा है?" आणि आवाज तर असा यायचा की म्हैस गोठ्यात कान टवकारायची. किर्र, घर्र, चीं, मग एकदम खरखर. आई म्हणायची, "बंद कर गो ते, डोकं उठलं."

त्या आवाजाने ज्याचं डोकं उठत नव्हतं असं घरात एकच माणूस होतं. कुंदाताई माझ्या मागे उभी राहून दिवे बघायची. एक दिवस तिने पुढे होऊन मोडेमवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. नंबर फिरताना आतून टकटक होते, मग थरथर सुरू होते, थरथर दोनदा बदलते आणि मग सगळं निवतं. निवलं की लागलं. आठवडाभरात तिला हे माझ्याहून चांगलं कळायला लागलं. मी आवाज ऐकून आशा धरायचे, आणि ती हात उचलून नकार द्यायची. नाही लागणार, पुन्हा कर. ती नेहमी बरोबर निघायची. मग मी खुर्ची तिलाच दिली.

तिला मेल आयडी काढून दिला. तिची वसतिगृहातली मैत्रीण ज्योती लग्न होऊन जळगावला गेली होती, तिच्या नवऱ्याच्या दुकानात कॉम्प्युटर होता. दोघींची पत्रं आठ-आठ दिवस वाटेत असायची. पहिल्यांदा त्या दोघी चॅटवर एका वेळी समोरासमोर आल्या तेव्हा कुंदाताईने काय केलं ते मी विसरणार नाही. तिने पडद्याकडे बघून खुणाच करायला सुरुवात केली. मग भानावर येऊन हसली आणि टाइप करायला लागली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. तिच्या लिहिण्यात 'ने' आणि 'ला' गळायचे, क्रियापदं जागा बदलायची. ज्योतीचंही तसंच. त्यांचं एकमेकींना सगळं कळायचं. आता कुंदाताई मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते आणि दोन्ही हातांनी ज्योतीशी तासन् तास बोलते. त्यात फार सुख आहे. पण त्या दिवशी, अक्षर अक्षर जोडताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते पुन्हा कधी दिसलं नाही.

त्याच वर्षी दसऱ्याला सरळगावची मावशी स्थळ घेऊन आली. मुलगा म्हणजे बिजवर. नाव काशिनाथ. वैशाखऱ्याला माळशेजच्या रस्त्यावर त्याचं चहा-भज्यांचं हॉटेल, थोडी भातशेती. बायको आजारपणात गेलेली. सहा वर्षांची एक मुलगी, चिमी. घरात म्हातारी आई.

"मानूस निर्व्यसनी हाय," मावशी म्हणत होती. "आपल्या कुंदीला आता असा दुसरा कोन भेटनार? त्याला सांगितलाय सगला. तो म्हनतो, चालंल."

आबा मान डोलवत होते. आई पदराने डोळे पुसत होती. सगळे ओटीवर बसले होते आणि कुंदाताई दाराच्या चौकटीत उभी राहून एकेकाच्या ओठांकडे बघत होती. मीही गप्प होते. माझं खरं सांगायला हवं. मला आटगावचा एक मुलगा पसंत होता, ज्याच्या घरात बसून आज मी हे लिहितेय. मोठीचं झाल्याशिवाय माझं होणार नव्हतं. मावशीचं बोलणं ऐकताना माझ्या मनात पहिला विचार आला तो माझा होता. सुटले, असा. तो विचार आठवला की अजूनही मला माझ्या बहिणीच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

कुंदाताईने कोनाड्यातली माझी वही घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहून आबांसमोर धरलं. "मी त्याच्याशी बोलणार. मग मी सांगणार."

आबांनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "बोलनार म्हंजे कसा? त्याला हिची भाषा येत नाय."

कुंदाताईने कॉम्प्युटरकडे बोट केलं.

मावशी हसली. "अगो, लग्न काय मशिनीवर ठरतात? लोका काय म्हनतील?" पण कुंदाताई वही धरून तशीच उभी राहिली. आबांनी दोनदा तोंड फिरवलं, दोन्ही वेळा ती वही घेऊन त्यांच्यासमोर गेली. शेवटी आबा मावशीला म्हणाले, "इचारून बघ त्याला. तो नाय म्हनला तर इशय संपला."

तो नाही म्हणाला नाही. हॉटेलचा किराणा भरायला तो दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी मुरबाडला यायचाच. तिथे एस.टी. स्टँडजवळ एक सायबर कॅफे होता. दुपारी तीन वाजता तो तिथे बसेल, असा मावशीचा निरोप आला.

पहिल्या दिवशी आमची कापणी नुकतीच लागली होती. कुंदाताई दुपारपर्यंत शेतात होती. भाताची पाती धारदार असतात, तिच्या बोटांवर बारीक बारीक चरे उठले होते. हात धुऊन ती बसली. अकराव्या वेळेला नंबर लागला. आणि खिडकीत पलीकडून अक्षरं आली. "नमस्कार. मी काशिनाथ. आपणास भेटून अत्यंत आनंद झाला. आपले छंद कोणते?"

कुंदाताईने ते वाचलं आणि माझ्याकडे बघून कपाळाला आठी घातली. मग टाइप केलं, "कोण लिहितो?"

मग आलं, "सायबरवाले भाऊ लिहीत आहेत. काशिनाथरावांना टाइपिंग येत नाही."

"त्याला बसव. मी थांबते."

ती थांबली. आयुष्यभर ती लोकांसाठी थांबलीच होती, लोकांचं बोलून होईपर्यंत, मग कोणीतरी चार शब्दांत सार सांगेपर्यंत. पण हे थांबणं निराळं होतं. ती ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर पडद्यावर. पलीकडून एकेक अक्षर आलं. "मी... का... शि..." मध्येच चुकून एकच अक्षर वीस वेळा आलं. मग आलं, "बोट जाड. चुकतय." कुंदाताईने खुद्द त्याला पहिलं वाक्य लिहिलं, "माझं पण व्याकरण चुकतं." आणि लाइन पडली.

त्या दिवशी परत लागलीच नाही.

पुढच्या आठवड्यात कापणी जोरात होती. दुपारी तीनला ती शेतातून धावत आली, केसांत तूस, पायांना चिखल. या वेळी पहिल्याच फटक्यात नंबर लागला आणि तोही आधीच बसलेला होता. तिने तयारी केली होती. वहीत प्रश्न लिहून ठेवले होते, पहिला प्रश्न, "मीच का?"

उत्तर यायला वेळ लागला. पण आलं ते सरळ आलं. "आई म्हंते मुकी सून असली की घरात भांडण नाय. मला पण तसच वाटला. खोट नाय सांगत."

मी ते वाचून संतापले. खुणेने तिला म्हटलं, बंद कर, उठ. तिने माझा हात बाजूला सारला आणि टाइप केलं, जोरजोरात, बटणं तुटतील अशी. "मी मुकी नाही. मी बहिरी. मी भांडते."

"कस?"

"हाताने. खूप भांडते. बहीण विचार."

मला वाटलं उठून गेला. मग अक्षरं आली, नेहमीपेक्षाही सावकाश. "पयली बायको कदी भांडली नाय. दुखत होता तरी बोलली नाय. उशीर झाला मंग." आणि थोड्या वेळाने, "भांडा तुमी."

कुंदाताई ती दोन ओळींची कहाणी किती तरी वेळ बघत राहिली. उत्तर लिहायच्या आत लाइन पडली. तिने वही मिटली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि पाणीही नव्हतं. ती विचार करत होती. संध्याकाळी आबांनी मला विचारलं, "काय झाला? काय म्हनते ती?" मी म्हटलं, "अजून प्रश्न संपले नाहीत तिचे." आबा पुटपुटले, "आमच्या येली कोन प्रश्न इचारीत होता!"

तिसऱ्या बाजाराच्या दिवशी सकाळी भाताचे भारे खळ्यावर न्यायला ट्रॉली आली. उंच भरलेली ट्रॉली बांधावरून वळली आणि वरचे भारे टेलिफोनच्या तारेला अडकले. एक बांबू आडवा झाला, तार ताणली आणि तुटली. मी घरात येऊन रिसीव्हर कानाला लावला. काहीच नाही. टेलिफोनच्या माणसाला निरोप धाडला असता तर तो दोन-तीन दिवसांनी आला असता, त्यात कापणीचा हंगाम, त्याचंही शेत असणार. मी कुंदाताईला सांगितलं, जाऊ दे, पुढच्या आठवड्यात बोल.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी हात खाली घेतले. मग तिने विळा उचलला आणि निघाली.

तुटलेली दोन टोकं तिला बांधाशी सापडली. ओढून बघितली तर एकमेकांना पोचत नव्हती, हातभर कमी पडत होती. ती मागे सरली आणि सगळी तार नजरेखालून घातली. घराकडे येताना तार मधल्या आंब्याला वळसा घालून यायची. तिने त्या वळणावरचा बांबू उपटला, आंब्याच्या फांद्यांखालून सरळ रेषेत नवा खड्डा केला. मग आबांना हाताला धरून आणलं, बांबू त्यांच्या हातात दिला आणि उभं केलं. आबा बांबू धरून उभे राहिले, आजूबाजूचे मजूर बघत होते तरी. ती भाऱ्यांच्या ढिगावर चढली. विळ्याच्या टोकाने तारेवरचं काळं आवरण सोललं. आत दोन बारीक तारा होत्या, दोन्ही बाजूंच्या दोन-दोन पिळून जोडल्या.

माझं काम घरात होतं. रिसीव्हर कानाला लावून खिडकीत उभं राहायचं, आवाज आला की आईचं लाल लुगडं हलवायचं. तिने हात वर करून विचारलं. मी मान हलवली. काही नाही. तिने पुन्हा सोडलं, पुन्हा पिळलं. काही नाही. ऊन तिरपं झालं होतं, ती डोळ्यांवर हात धरून जोडाकडे बघत होती. मग तिला काहीतरी दिसलं. खताच्या रिकाम्या गोणीची प्लॅस्टिकची पट्टी विळ्याने कापून तिने एक जोड गुंडाळला, म्हणजे तो दुसऱ्याला शिवणार नाही. आणि माझ्या कानात तो जाडसर, एकसुरी आवाज आला. एवढा गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मी लुगडं असं हलवलं की ते हातातून सुटून अंगणात गेलं.

नंबर लागेपर्यंत सहा वाजायला आले होते. तीन वाजताची वेळ होती. कोण थांबतं तीन तास? तिने लिहिलं, "तार तुटली. मी जोडली. आहे का?"

"हाय," लगेच आलं. मग, "तुमी जोडली??" दोन प्रश्नचिन्हं त्याला कशी सापडली कोण जाणे.

त्या संध्याकाळी त्याने त्याचा प्रश्न विचारला. तो त्याचा नव्हता, चिमीचा होता. "चिमी इचारते. मला भीती वाटली आनी मी हाक मारली तर नव्या आईला कस कळनार?"

यावर मात्र कुंदाताईने वही बाजूला ठेवली. तिने लिहिलं, "मला माहीत नाही. विचारून सांगते." तिने ज्योतीला मेल केला. ज्योतीचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, ऐकू येणारा. ज्योतीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. तिने लिहिलं होतं, माझा मुलगा हाक मारत नाही, हात लावतो. आम्ही एका अंथरुणात झोपतो. मी त्याच्याकडे तोंड करून झोपते. शेजारच्या ऐकू येणाऱ्या बाईचा मुलगा हाक मारून मारून थकतो, ती उठत नाही. मी उठते.

कुंदाताईने तो मेल जसाच्या तसा काशिनाथला पाठवला आणि खाली स्वतःच्या दोन ओळी जोडल्या. "चिमीला खुणा शिकव. आधी तू शीक. नाही शिकला तर लग्न नाही."

मावशीला हे कळलं तेव्हा ती फोनवर आईवर खूप ओरडली. बिजवर झाला म्हणून काय झालं, मुलाकडच्यांना अटी कोण घालतं? आबासुद्धा चिडले. मला म्हणाले, "तिला सांग, असा हट्ट केला तर हा पन जाईल." मी सांगितलं. कुंदाताईने उत्तर दिलं, "मग जाऊ दे."

पण खुणा शिकवायच्या कशा? वैशाखऱ्याला शिकवणारं कोणी नव्हतं, आणि आमच्या कनेक्शनवर चित्र जात नव्हतं. कुंदाताईने खुणाच शब्दांत लिहायला घेतल्या. "पाणी. उजवा हात मूठ. अंगठा बाहेर. अंगठा ओठाकडे ने, दोन वेळा." लिहून झालं की ती मला समोर उभं करायची आणि मी फक्त लिहिलंय तेवढंच करायचं. पहिल्या दिवशी मी पाणी म्हणून स्वतःच्या ओठावर गुद्दा मारून घेतला. ती हसून लोळली आणि परत लिहायला बसली. अंगठा कुठल्या दिशेला, तळहात कोणाकडे, किती जवळ, किती हळू. दिवसभर कापणी, आणि दिवेलागणीला हा उद्योग. की-बोर्डच्या फटींत भाताची कुसं अडकायची, ती पिनेने काढत काढत तिने जवळजवळ शंभर खुणा लिहिल्या. जेवण, झोप, दुखतं, भीती, ये, थांब, आई, मुलगी, घर, भांडण, खरं, खोटं. 'दुखतं' तिने सगळ्यात आधी पाठवलं.

दर बाजाराच्या दिवशी सायबरवाले भाऊ त्याला ते छापून देत. तो काय करत होता ते आम्हाला कळत नव्हतं. त्याचा निरोप एवढाच यायचा, "मिळाला. अजून पाठवा."

पुढचं सांगून टाकते. कुंदाताई आज वैशाखऱ्यात आहे. तिचं हॉटेल घाटात जाणाऱ्या गाड्यांना चांगलं माहीत आहे, गिऱ्हाईकं बोटांनी चहा मागतात आणि काही जण हौसेने नव्या खुणा शिकून जातात. चिमी नर्स झाली. तिच्या दवाखान्यात कोणी बहिरा पेशंट आला की तिला बोलावतात. सासू शेवटपर्यंत म्हणत राहिली की एवढी भांडकुदळ सून अख्ख्या मुरबाड तालुक्यात नसेल, आणि शेवटच्या आजारपणात तिला कुंदाताईशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणी चालत नव्हतं. सगळं गोडच झालं असं नाही. घरात जागा अपुरी होती, पहिल्या बायकोचा फोटो भिंतीवर होता आणि चिमी वर्षभर जवळ आली नव्हती. पण कापणी आली की मला यातलं काही आठवत नाही. मला आठवतो तो काशिनाथकडची माणसं आमच्याकडे आली तो दिवस.

सगळं भात कापून झालं होतं. खळ्यावर भाऱ्यांची उडवी रचलेली होती, पेंड्या फळीवर आपटून भात झोडणं तेवढं राहिलं होतं. काशिनाथ, त्याची आई, मावशी आणि गावातले दोन वडीलधारे असे सगळे आले. आम्ही त्याला पहिल्यांदा बघत होतो. काळासावळा, रुंद खांद्यांचा, हाताला तेलाचे जुने डाग. बोटं खरंच जाड होती. ओटीवर सतरंजी टाकली होती. पाणी झालं, पिकापाण्याचं बोलणं झालं. एका वडीलधाऱ्यांनी घसा साफ करून म्हटलं, "मंग आता मुलीला काय इचारायचा असंल तर इचारा."

काशिनाथ उठून उभा राहिला. त्याच्या आईला वाटलं त्याला बाहेर जायचंय. तो कुंदाताईसमोर जाऊन थांबला, हात शर्टाला पुसले आणि त्याने खुणा करायला सुरुवात केली. तू. मी. मुलगी. मग दोन्ही हातांनी छप्पर करायचं ते त्याने इतकं वाकडं केलं की ती कोंबडीची चोच झाली. घर म्हणायचं होतं त्याला. पुढे, भांडण. मग 'रोज', ते मात्र अगदी बरोबर. आणि शेवटी हात पुढे करून भुवया उंचावल्या. चालेल?

ओटीवर कोणाला काही कळलं नाही. मावशी त्याच्या आईकडे बघत होती, वडीलधारे छताकडे. एवढी माणसं एकाच वेळी गोंधळलेली आमच्या घराने पाहिली नव्हती. कुंदाताई मोठ्याने हसली. तिचं हसणं घोगरं, उंच आहे, लोकांसमोर ती ते नेहमी दाबायची. त्या दिवशी नाही दाबलं. तिने पुढे होऊन त्याची कोंबडी सरळ केली, बोटं धरून, नीट, घर होईपर्यंत. मग ती मागे सरली आणि गंभीर झाली.

सगळे माझ्याकडे वळले. आबा सवयीने म्हणाले, "काय गो, काय म्हंते ती? तिला इचार."

मी तोंड उघडलं होतं. पण काय झालं कोण जाणे, मी ते मिटलं. "आबा," मी म्हटलं, "ती ही काय समोर बसलीय. तुमीच इचारा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी एकदा पाहुण्यांकडे बघितलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. विळ्याचे घट्टे पडलेले, चिरलेले हात. मग ते जागेवरूनच पुढे सरकले, कुंदाताईच्या समोर आले, काशिनाथकडे बोट केलं, तिच्याकडे बोट केलं आणि रिकामा तळहात तिच्यापुढे धरला.

कुंदाताईने त्या तळहाताकडे बघितलं. तिने मान हलवली, होकाराची. मग एक बोट वर केलं, थांबा. दोन्ही मुठी डोक्यावर नेल्या आणि भाताची पेंडी फळीवर आपटावी तशा खाली आणल्या. एकदा, दोनदा, तीनदा. मग हात झटकून दाखवले. संपलं की.

मी काही सांगायला गेले नाही. गरजच नव्हती. आबा सतरंजीवर पाहुण्यांकडे वळले, पाठ ताठ केली, आणि आमच्या ओटीवर आजवर कधीच ऐकू न आलेलं वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"माजी पोर म्हंते, हो. पन भात झोडून झाल्यावर."